निरुद्योगाची खोली

शाळेच्या घंटेने, गाडीच्या भोंग्याने, फार काय पंख्याच्या घरघरीनेही ज्यांना कान झाकून घ्यावे लागतात आणि उलट ज्यांच्यापर्यंत जगाचा कोणताच स्पर्श धड पोहोचत नाही, अशा दोन्ही प्रकारच्या जीवांसाठी मंद दिवे, बुडबुड्यांचा उंच नळ, प्रकाशतंतूंचा झुबका आणि अंग टाकावयास गाद्या असलेली खोली नेदरलँड्समधील हार्टेनबर्ग या संस्थेत 1970 च्या दशकात यान हुल्सेगे आणि आद व्हेरहुल यांनी सिद्ध केली, तेव्हा उपचार हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांनाही विरंगुळ्याचा अधिकार आहे, इतकेच त्यांना म्हणावयाचे होते. 'स्नूझलेन' या नावाने ती जगभर गेली, उपचाराच्या पदवीस पोहोचली, आणि पदवीमागोमाग दफ्तर आले.

अपंग मुलांसाठी नवी मुंबईत वाशीला महानगरपालिकेचे ईटीसी केंद्र आहे, खारघरला केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. मी व्यवसायोपचार करते ती जागा याहून पुष्कळ लहान, पण तशी एक खोली तिथेही आहे. हार्बर लोकलच्या गर्दीतून मूल सांभाळीत आलेली आई सत्र संपताच विचारते, "मॅडम, आज काय केलं ह्याने?" 'काही नाही, पडून होता' हे उत्तर तिला कसे द्यावे?

वस्तुतः या कामातील निम्मी विद्या दिव्याची कळ मुलाच्या हाती देऊन स्वतः गप्प बसण्यात आहे. ज्याला दिवसभर इतरांनीच नेसवावे, भरवावे, उचलून ठेवावे, त्याने कळ दाबताच निळे बुडबुडे तांबडे होतात, हा त्याच्या लेखी लहानसहान पराक्रम नव्हे. नवशिका उपचारक सारी साधने एकदम चालू करतो आणि मूल भांबावते. एका वेळी एकच पुरे, आणि फेफऱ्याचा विकार असल्यास लुकलुकता प्रकाश वर्ज्यच. काही मुलांना तांदळाची परात या महागड्या सरंजामाहून अधिक मानवते; विक्रेत्यांना याचा विषाद वाटल्यास नाइलाज आहे.

खोलीत मूल निवते, हे अनेक अभ्यासांत नोंदलेले आहे. तो गुण बाहेर टिकतो, याचा पुरावा दुबळा. म्हणून मूल बोलू लागेल, असा वायदा मी कोणास करीत नाही. आईलाच आत बसविते. तक्त्यातील 'प्रगती' या रकान्यात मुलाने त्या दिवशी काय निवडले, तेवढे लिहिते. वरिष्ठांनी त्यावर 'खुलासा करावा' असा शेरा मारला. खुलाशादाखल अर्धा तास त्या गादीवर येऊन बसण्याची मी त्यांना लेखी विनंती केली, ती अद्याप विचाराधीन आहे.