पंचाहत्तरीचं तिकीट

या जगात फुकट मिळतात त्या गोष्टी तीन : सल्ला, सर्दी आणि लग्नपत्रिका. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं यात चौथीची भर घातली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या कुणालाही राज्यात एस.टी. मोफत! योजनेचं नाव 'अमृत'. ते का, हे गाडीत मागच्या बाकावर बसलेल्या हाडांना विचारावं.

आमचे एक स्नेही आहेत. भरभक्कम पेन्शन, दारात मोटार, मुलगा अमेरिकेत. तरीही माळशिरसहून पंढरपूरला जायचं तर एस.टी.नंच जातात. शून्याचं तिकीट हातात पडलं, की चेहऱ्यावर विठोबा भेटल्याचं समाधान!

आमच्या हिला हे पटत नाही. "परवडतं त्यांनी पैसे द्यावेत की! तेवढ्यात एखाद्या गरिबाचं औषध होईल."

मुद्दा बिनतोड. इंग्लंडच्या सरकारलाही तो पटला होता. तिथं १९९७ पासून सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांना थंडीत घर उबदार ठेवायला पैसे मिळत. (आमच्या माळशिरसला सरकारनं ऊब वाटली, तर एप्रिलमध्ये ती परत करायला रांग लागेल.) २०२४ साली ही मदत फक्त गरिबांपुरती ठेवली. पण हक्क असूनही अर्ज न करणारे गरीब पुष्कळ निघाले. ओरड झाली आणि २०२५ मध्ये वर्षाला ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना ती पुन्हा मिळाली.

गरिबी असणं वेगळं आणि ती सिद्ध करणं वेगळं. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धांना महिना दीड हजार मिळतात. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात जगून दाखवणं कठीण, त्याहून कठीण त्याचा दाखला मिळवणं!

परवा गाडीत शेजारी एक आजी होत्या.

"कुठं निघालात?"

"गरीब हाय म्हून कागूद काढाया. दोनदा गेले. एकदा ह्यो कागूद राह्यला, एकदा त्यो."

"मग या हेलपाट्यांना पैसे?"

"ह्या गाडीला कुठं पैसं? वय दावलं की झालं. घरात काय शिजतंय, ते न्हाई इचारत कुणी."

मी गप्प बसलो. स्नेह्यांच्या मोटारीचा हिशेब आयकरवाल्यांनी खुशाल करावा. त्यासाठीच ते खातं आहे. पण ती मोटार शोधण्यासाठी एस.टी.च्या पायरीवर या आजीची झडती नको. स्नेह्यांना चार पैसे जास्त गेले तरी चालतील, आजींची गाडी चुकता कामा नये.

हे सगळं घरी हिला ऐकवलं. म्हणाली, "तुम्हाला फुकट मिळतंय, म्हणून बोलता."

हिला पंचाहत्तरी गाठायला अजून वर्ष आहे. तोवर तिला अर्धं तिकीट पडतं. बिनतोड बोलणाऱ्याला तेवढं पडायलाच हवं!