हरखून टुम्म

गणपतीच्या आदल्या दिवशी आजी पहाटेपासून खळ्यात येरझाऱ्या घालायची. लालबागहून काकाचं पोस्टकार्ड आठ दिवस आधीच आलेलं असे. त्यात 'चतुर्थीचे आदले दिवशी येत आहोत' एवढंच. कुठल्या गाडीने, किती वाजता, याचा पत्ता नाही. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८च्या जानेवारीत. तोवर चाकरमान्यांचा सगळा भरवसा एसटीच्या रातराणीवर. ती कशेडी घाटात रुसली की दुपार व्हायची. मग केव्हातरी पाखाडीच्या टोकाला डोक्यावर ट्रंक घेतलेला माणूस दिसे आणि आजी हातातली केरसुणी टाकून धावत सुटे. आधी भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग काकाच्या गालांवरून हात, मग रडू. शेजारची काकी हसून म्हणायची, "म्हातारी बघा कशी हरखून टुम्म झाली!"

टुम्म व्हायचं ते खरं पुरीने, तापल्या तेलात. पण आजीला तो शब्द तंतोतंत बसायचा.

'हरखणं' हा आमच्याकडचा गावंढळ शब्द, असं मी पुष्कळ दिवस समजत होतो. पुढे कळलं की त्याचं कूळ थेट संस्कृतातलं. 'विष'चं जसं 'विख' झालं आणि त्यातून विखारी आलं, तसाच 'हर्ष'चा 'हरीख' झाला आणि त्यातून हरखणं. आणि हर्षाच्या मुळाशी जो 'हृष्' धातू आहे, त्याचा जुना अर्थ मनाशी नव्हे, कातडीशी बांधलेला आहे: केस ताठ उभे राहणं. म्हणून तर गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला 'रोमहर्ष' होतो. तिथे आनंद कुठला? समोर आप्त उभे बघून त्याचे हातपाय गळालेले असतात. आयुर्वेदात 'दंतहर्ष' नावाचा दातांचा विकार आहे. गार पाणी लागलं की दात शिवशिवतात, तो. पायांना झिणझिण्या येतात, तो 'पादहर्ष'. लॅटिनमधला 'हॉरेरे', म्हणजे अंगावर काटा येणं, अभ्यासक याच गोतावळ्यात धरतात. इंग्रजी 'हॉरर' त्याचंच पोर. हर्ष आणि हॉरर चुलत भावंडं निघाली, याची मला अजून गंमत वाटते. आजीला नसती वाटली. काका दिसला की तिच्या सुरकुतल्या दंडावर काटा फुललेला मी पाहिला आहे, आणि रात्रभराची धाकधूकही त्यातच असायची.

आनंद फारच झाला तर आपल्या लोकांनी त्याला चक्क वातविकारात ढकललं आणि 'हर्षवायू' म्हटलं. तो शब्द आता कुणाला तिकीट मिळालं की टोमण्यापुरता निघतो. 'रोमहर्षक' तर क्रिकेटवाल्यांनी पार झिजवला. सहज जिंकलेला सामनाही रोमहर्षकच.

आता गावी आई असते आणि मुंबईहून मी निघतो. निघताना तिला लाइव्ह लोकेशन पाठवतो. पेणला चहा घेतला, माणगावला अडकलो, सगळं तिला ठिपक्यावर दिसतं. "कशेडीच्या बोगद्यात शिरलास ना? मग आता भात लावते," असा फोन येतो. दारात पोचलो की "आलास? हातपाय धू." माया तसूभर कमी नाही, पण तिचा आनंद वाटेतच हप्त्याहप्त्याने फिटलेला असतो.

जुनं सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. एका वर्षी काकाची गाडी दुसऱ्या दिवशी पोचली आणि आजी तोवर पाण्याशिवाय काही घ्यायला तयार नव्हती. ती रात्र पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. पण एक खटकतं. माझी भाची सहलीच्या आठवडाभर आधीपासून 'एक्साइटेड' असते, आणि परत आल्यावर विचारावं तर 'भारी होतं' म्हणून मोकळी होते. एक्साइटेड व्हायचं ते आधी. हरखायचं ते समोर आल्यावर. त्या दुसऱ्या घटकेसाठी तिच्याकडे शब्दच नाही. मी एकदा 'हरखलीस का?' विचारलं, तर तिला वाटलं मी 'हरलीस का' म्हणतोय.

यंदा फोन बंद ठेवून, एक दिवस आधीच निघणार आहे. आईला सांगू नका.