वाळ्याचा वास

ऑफिसात परवा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, "खंयचो सेंट मारला गो? वास येता, पूण कळना." मला हसूच आलं. वास येतो पण कळत नाही, हेच तर त्याचं मोल! गेल्या वर्षापासून मी वाळ्याचं अत्तर लावते. कानामागे काडीने एक ठिपका, बस्स. (अस्सल कसं ओळखायचं ते आईने शिकवलं, ते पुढे.)

वाळा म्हटला की आपल्याला माठात सोडलेली मुळांची जुडी आठवते. थंड, ओलसर, मातीचा वास. पण जुन्या पद्धतीच्या अत्तरात ही थंडाई एकटी नसते. कनोजला वाळ्याची मुळं पाण्यासकट तांब्याच्या मोठ्या डेगेत घालतात, झाकण मातीने लिंपून टाकतात आणि खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरते, आणि त्या भांड्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाळ्याचा वास त्या तेलात मुरतो. म्हणून लावल्या लावल्या गार वाटतं, आणि तासा-दोन तासांनी अंगाच्या उबेने खालचं चंदन हळूच वर येतं. चंदनाचा लेप थंड म्हणतात ते खरं, पण वास मला तरी नेहमी उबदारच वाटत आलाय. अत्तरवाले वाळा उन्हाळ्यात आणि हिना थंडीत लावायला सांगतात. मी बाराही महिने वाळाच लावते. आपल्या गोव्यात थंडी असते कुठे!

लहानपणी मला वाटायचं, आई सारखी माठाजवळ वावरते म्हणून तिला तो वास येतो.

बाबा १९९५ साली गेले. आई तेव्हा ४१ वर्षांची. तोवर रोज केसांत अबोलीची फाती, सुरंगीचे दिवस आले की वळेसर. ते सगळं एका दिवसात थांबलं. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली, म्हणजे हाताच्या पाठीवरचं अत्तर आणि गुलाबपाणीही थांबलं. कुणी तिला काही म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, ती बातमी मी तिला वाचून दाखवली. "बरें केलें," एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

पण वाळ्याचा वास थांबला नव्हता. काकीने एकदा विचारलंही होतं. "कपड्यांत वाळा ठेवते, कसर लागू नये म्हणून," आई म्हणाली. ट्रंकेत जुड्या होत्याच. सगळ्यांना पटलं, मलाही. मोगरा असता तर लपला नसता.

गेल्या वर्षी तिचं कपाट आवरताना साड्यांच्या तळाशी, जुड्यांच्या मध्ये, काचेची एवढीशी कुपी सापडली. "बेळगावची," ती खाली बघत म्हणाली. मावशीकडे जायची तेव्हा आणायची. तीस वर्षं! एकाहत्तर वर्षांच्या बाईचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. मला राग आला, पण तिचा नव्हे. कुणाचा ते नीट सांगता येत नाही, कारण त्या हळदीकुंकवांना मी जात होते. हातावर अत्तर लावून घेत होते, आणि घरी येऊन तोच हात तिला हुंगायला देत होते.

मग मी बाजारातून तिच्यासाठी नवी कुपी आणली. तिने माझं मनगट हुंगलं. "यांत चंदन नाही गो. फसवलं तुला." बरोबर होतं. चंदनतेल इतकं महाग झालंय की स्वस्त अत्तरांत त्याच्या जागी पॅराफिनचं तेल असतं. थंडावा होता, मागून येणारी ऊब नव्हती.

तिने आपली कुपी काढली. काडी बुडवून माझ्या हाताच्या पाठीवर लावली, हळदीकुंकवात लावतात तशी. आणि उरलेलं, माझ्यासमोरच, स्वतःच्या कानामागे.