एका क्रमवारीचे पाठभेद

लिनक्सच्या गाभ्यातील ‘लिस्ट सॉर्ट’ हे फंक्शन मी अधूनमधून एखाद्या जुन्या संहितेसारखे वाचत असतो. काम साधेच आहे. लिंक्ड लिस्ट म्हणजे एक माळ. प्रत्येक मण्याला केवळ शेजारचा मणी ठाऊक. शंभराव्या मण्यावर थेट उडी घेता येत नाही, एकेक ओलांडतच जावे लागते. इथे सोयीची पडते ती जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली मांडलेली मर्ज सॉर्टची रीत. क्रम लागलेले लहान तुकडे दोन-दोन घेऊन जुळवीत न्यायचे. मणी स्मृतीत जागचे हलत नाहीत, दोरा तेवढा नव्याने ओवला जातो.

कुणाही बऱ्या विद्यार्थ्याला हे एका दुपारी लिहिता येते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. गाभ्यात या कामाच्या दोन प्रती नांदत होत्या: एक ग्राफिक्सच्या भागात, दुसरी यूबीआयएफएस या फाइल-व्यवस्थेत. एक्सएफएसलाही ती लागणार असे दिसताच डेव्ह चिनर यांनी २०१० साली यूबीआयएफएसमधील प्रत उचलून सर्वांसाठी एका ठिकाणी ठेवली.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हे नवे नाही. नकलाकारागणिक पाठ बदलतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अशाच पाठभेदांमुळे. संगणकाच्या संहितेत पाठभेद अधिक छुपा असतो. जुळवणीत ‘लहान किंवा समान’ऐवजी नुसते ‘लहान’ लिहिले की समान मूल्यांचे मणी आपला मूळ क्रम गमावतात. उत्तर तरीही बरोबरच दिसते! एका प्रतीत ही चूक सुधारली, तरी दुसरीत ती सुखाने राहते.

परक्याचे वाक्य आपल्या लेखात बसवताना वाटतो तो संकोच प्रोग्रॅमरलाही वाटतो. (लेखकाला तो वाटावाच.) पण क्रमवारीपुरता तो अस्थानी आहे, असे माझे मत. कशाच्या आधी काय यावे, हे ठरवणारे तुलनेचे फंक्शन आपणच लिहून द्यायचे असते. विचार करायचा तो तिथे. उसनी संहिता मात्र एकदा तरी वाचलेली असावी.

२०१९ साली याच फंक्शनमधील तुलनांची संख्या घटवणारी सुधारणा आली. कर्त्याचे नाव जॉर्ज स्पेल्विन. अमेरिकी रंगभूमीवर स्वतःचे नाव छापू न इच्छिणाऱ्या नटासाठी वापरतात, तेच. ते फंक्शन वापरणाऱ्यांपैकी कुणालाही त्यासाठी आपली एक ओळ बदलावी लागली नाही.