सीबी

वेधशाळेत त्याला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नाही. क्युम्युलोनिंबस म्हणेपर्यंत हा बरसून मोकळा व्हायचा, म्हणून नुसतं ‘सीबी’. वैमानिकही सीबीच म्हणतात आणि त्याला लांबून वळसा घालतात. आपल्याकडे तो वळवाचा ढग. नुकसान करून गेला की त्याचाच ‘अवकाळी’ होतो.

ढगांच्या भावकीत डोक्यात राख घालून घेणारा हा एकटाच. तंतुमेघ आठ-दहा किलोमीटर उंचीवर, सगळा बर्फाचा कारभार, कुणाच्या अध्यात ना मध्यात. स्तरमेघ माळशेज घाटात थेट रस्त्यावर उतरून बसतो, भरदुपारी गाड्यांना दिवे लावायला लावतो, पण भिजवतो बेताचंच. जुलैत महाबळेश्वरला दिवसेंदिवस कोसळणारे ढगसुद्धा बहुतेक वेळा मुकाट्यानं काम करतात. याला मात्र गाजावाजा केल्याशिवाय जमतच नाही.

लहानपणी तो गरीब असतो. मे महिन्यात दुपारी बारा-एकला तळाशी सपाट, वर गुबगुबीत असे पांढरे ढग दिसतात ना, त्यांतलाच एक. खाली मराठवाड्यातली ढेकळं भाजत असतात, समुद्रावरून थोडं बाष्प येऊन ठेपलेलं असतं, आणि हवामान खात्याच्या पत्रकात ‘वाऱ्यांची खंडितता’ किंवा ‘द्रोणीय रेषा’, म्हणजे वारे एकत्र येऊन हवा वर ढकलली जाते अशी रेषा, उगवलेली असते. एवढं जुळलं की याचं डोकं फिरतं. बाष्प वर चढतं, गार होऊन त्याचं पाणी होतं, पाणी होताना उष्णता सुटते आणि त्या उष्णतेनं हवा आणखी वर सुटते. म्हणजे हा स्वतःच्याच तापावर फुगतो. बघता बघता पंधरा किलोमीटरपर्यंत, एव्हरेस्टच्या दीडपटीच्याही वर. तिथे वरची हवा उबदार, पुढे वाट नाही. मग डोकं सपाट पसरतं. त्याला ऐरण म्हणतात. लांबून ऐरण दिसली की समजावं, स्वारी भरात आली.

पोटात काय चालतं ते न बघितलेलंच बरं. पाचेक किलोमीटरच्या वर सगळं गोठणबिंदूखाली. तिथे बर्फाचे कण आणि कोवळ्या गारा एकमेकांवर आपटतात, विद्युतभार वेगळे होतात आणि वीज तयार होते. वीज जिथून जाते तिथली हवा क्षणभर तीस हजार अंशांच्या आसपास तापते. सूर्याचा पृष्ठभागही इतका गरम नाही. गार मधोमध फोडून पाहिली तर पांढरे आणि पारदर्शक थर आलटून पालटून दिसतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा-विदर्भानं असल्या गारांचे खच पाहिले. हरभरा, गहू, द्राक्षं, काही शिल्लक ठेवलं नाही.

हळद शिजवून वाळत घातलेली असते. चारच्या सुमाराला गरम झोत एकाएकी थांबतो आणि धूळ घेऊन गार वारा अंगावर येतो. हा वारा त्याच्याच पोटातून खाली आदळलेला. पावसाबरोबर गार हवा जमिनीवर कोसळते आणि सगळीकडे पसरते. वाऱ्याची ही पालट झाली की ताडपत्री ओढायला हातात काही मिनिटंच उरतात. गंमत म्हणजे याच गार हवेनं त्याची खालून येणारी रसद तुटते. स्वतःच्याच पावसानं मरणारा असा दुसरा प्राणी मी पाहिलेला नाही. एकट्या ढगाचं आयुष्य साधारण तासाभराचं.

आयुष्य तासाभराचं आणि अंगाचा घेर काही किलोमीटरचा. बांधाच्या अलीकडे चिखल, पलीकडे फुफाटा. अशा माणसाचा पत्ता आदल्या दिवशी कोण सांगणार? पण शिव्या खातं सिमला ऑफिस. (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, पुढे दिल्लीला गेलं, नाव मात्र पुण्यातल्या चौकाला चिकटलं ते चिकटलंच.) तिथली भाषा नीट वाचायला हवी. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ यातला ‘तुरळक’ मोघम नाही: त्या भागातल्या पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. चारांतली तीन केंद्रं कोरडी राहिली तरी अंदाज खराच. ‘काही ठिकाणी’ म्हटलं तर पन्नास टक्क्यांपर्यंत. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा. ढग उभा राहिला की रडारवर दिसतो, आणि मग पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा येतो. दिवसाचं नियोजन सकाळच्या अंदाजावर करावं, ताडपत्री या इशाऱ्यावर ओढावी. परवा चार वाजता तुमच्याच गावात पाऊस, असं एखादं अ‍ॅप सांगत असेल तर त्याच्या आत्मविश्वासाचं कौतुक करावं, विश्वास ठेवू नये.

आणि एक. पाऊस थांबला म्हणून लगेच शेताकडे निघू नका. मरता मरताही तो ऐरणीतून एखादी वीज टाकून जातो. चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा, झाडाखाली नको, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.