खणखणीत आणि बद्द

घोडेगावच्या बाजारात आजी मडकं घ्यायची ती वाजवून. डाव्या तळहातावर तोलायची, उजव्या हाताचं बोट मुडपून त्याच्या पोटावर टकटक करायची आणि कान जवळ न्यायची. खणखणीत वाजलं तर कनवटीचे पैसे बाहेर यायचे. बद्द वाजलं तर काही न बोलता मडकं जागेवर ठेवायची. "चीर डोळ्याला दिसत न्हाई, कानाला कळती," म्हणायची. मी सात-आठ वर्षांचा असेन. घरी येऊन रांजण, खांब, जातं, सगळं वाजवून बघायचो.

अठराव्या वर्षी जीवधनच्या कड्यावर कमरेला पहिल्यांदा दोर बांधला, तेव्हा पुढे चढणारा गडी दर खोबणीपाशी थांबून मुठीने कातळ ठोकत होता. त्याला आजी माहीत नव्हती. पण ती टकटक ऐकली आणि माझं भय निम्मं झालं.

आमचा सह्याद्री तसा भरवशाचाही आहे आणि दगाबाजही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि भाकरींच्या चवडीसारखे थर साचले. थराचा गाभा घट्ट, तिथे कडा सरळ उभा राहतो. थराचा माथा बुडबुड्यांनी पोकळ झालेला, त्या पोकळ्यांत पुढे पांढरे स्फटिक भरले. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा. तो झिजतो आणि वरचा कातळ अधांतरी लोंबतो. म्हणून इथे चढताना दहा हात भक्कम कातळ लागतो, मग गवत आणि घसारा, मग पुन्हा कातळ. नुसतं बघून काही ठरवता येत नाही. जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका नाणेघाटातून बघावा, एकसंध वाटतो. जवळ गेलं की त्याच्या अंगावरच्या भेगा मोजता येत नाहीत.

ज्यांनी या कातळात पायऱ्या खोदल्या, त्यांनी तो किती वेळा वाजवला असेल? नाणेघाटातली लेणी आणि पाण्याची टाकी, चावंड आणि हडसरच्या पायऱ्या बघताना माझा हात आपोआप भिंतीकडे जातो. छिन्नी लावण्याआधी कुणीतरी इथे कान लावला होता, याबद्दल मला शंका नाही. जीवधनच्या वाटेवरच्या पायऱ्या १८१८मध्ये इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या. तिथे आजही हात-पाय रोवून चढावं लागतं. त्याच टप्प्यावर एकदा पावसाळ्यानंतर मी घाई केली. एक खोबण न वाजवता धरली आणि ती हातात घेऊनच खाली आलो. वर मित्राने दोर रोखून धरला होता. त्याच्या तळहाताची सालं निघाली, मला खरचटलंही नाही. ती खोबण मी कित्येक दिवस उशाशी ठेवली होती.

पुढे बँकेच्या नोकरीत राजस्थानात जालोरला बदली झाली. थरच्या वाळवंटाची कड, आणि त्या सपाट, तापलेल्या जमिनीतून अचानक वर आलेले ग्रॅनाइटचे डोंगर. पाऊस नाही, शेवाळ नाही, गवताचे टप्पे नाहीत. आपल्या बेसाल्टच्या कितीतरी आधीचा, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा हा दगड. जमिनीच्या पोटात सावकाश निवला, म्हणून त्याचे कण मोठे, डोळ्यांना दिसतील असे. जालोरचा किल्ला अशाच डोंगरावर आहे. अलाउद्दीन खिलजीच्या फौजेला तो घ्यायला १३११ साल उजाडलं. सुट्टीच्या दिवशी पहाटे पायथ्याच्या शिळांवर जायचो. धरायला खोबणच नसायची. पायाचा तळवा सपाट टेकवायचा, टाच खाली ठेवायची आणि अंगाचं सगळं ओझं त्या खरखरीतपणावर सोपवायचं. घोडेगावच्या माणसाला हे जमायला दोन महिने लागले. हात सतत काहीतरी शोधत राहायचे. उन्हं वर आली की दगड तव्यासारखा व्हायचा आणि उतरावं लागायचं.

मला वाटू लागलं, या दगडाला वाजवायची गरज नाही. मग एका सकाळी सवयीने शिळेवर मूठ आपटली आणि आवाज बद्द आला. बाहेरून अखंड, आत पापुद्रा सुटलेला. ग्रॅनाइट कांद्यासारखा सोलत जातो, हे मला तिथे कळलं. वाळवंटात, घरापासून इतक्या दूर, आजी अगदी शेजारी उभी आहे असं वाटलं. तो क्षण मी कुणाला सांगितला नव्हता.

३० जुलै २०१४ला मी घोडेगावात होतो. सकाळच्या एसटीच्या चालकाला माळीण गाव जागेवर दिसलं नाही, आणि त्याच्यामुळे बाहेर कळलं. आम्ही डोंगरात जाणारे दोर घेऊन निघालो. दोराचा काही उपयोग नव्हता. कडा कोसळलाच नव्हता, पावसाने भिजलेली डोंगराची माती घरांवर उतरली होती. १५१ माणसं गेली. चिखलात उभा असताना माझी मूठ मिटलेली होती हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तिथे वाजवण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवसापासून मी पावसाळ्यात कड्याकडे न बघता उताराकडे बघतो. झाडं कुठे तिरकी झाली, पाणी कुठे नव्याने फुटलं, जमिनीला कुठे भेग गेली.

गेल्या हिवाळ्यात नातीला जीवधनला घेऊन गेलो. गुडघे आता त्या उडवलेल्या पायऱ्यांपर्यंतच साथ देतात. मी खाली दोर धरून बसलो, ती वर निघाली. पंधरा-वीस फुटांवर थांबली. टक, टक. आवाज खणखणीत. हात पुढे सरकला. टक, टक. या वेळी बद्द. तिने वळून माझ्याकडे बघितलं नाही. हात काढला आणि डावीकडची खोबण वाजवायला लागली.