भाजे लेणीचे खांब आणि आईची पायरी

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सहकुटुंब भाजे येथील बुद्धलेणी पाहावयास गेलो होतो. पुणे–लोणावळा लोकलने मळवली स्टेशनवर उतरले की भाजे गाव फार लांब नाही. आईसाठी तेवढी रिक्षा केली. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. डोंगराच्या पायऱ्या पाहताच तिने पदर खोचला खरा, पण वीसेक पायऱ्यांवरच गुडघ्यांनी नकार दिला. "तुम्ही जाऊन या. मी इथंच बसते. घरी गेल्यावर मला सगळं दाखवा म्हणजे झालं," असे म्हणून ती पायरीवरच टेकली. सौ. तिच्याजवळ थांबल्या. आम्ही आणि धाकटी लेक वर गेलो.

वाचकांपैकी पुष्कळांनी ही लेणी पाहिली असतील. येथे एकूण 22 लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदकामाला आरंभ झाला. बाराव्या क्रमांकाचे चैत्यगृह म्हणजे या लेण्यांचे हृदयच. त्यात 27 अष्टकोनी खांब आहेत. छताला लाकडी कमानी आहेत. दगडात कोरलेल्या नव्हेत, खऱ्या लाकडाच्या. दोन हजार वर्षांहून अधिक काळ त्या तशाच आहेत. दर्शनी भागालाही पूर्वी लाकडी काम होते. ते गेले, त्याच्या खुंट्यांची भोके तेवढी दगडात राहिली. लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपार कलल्यावर ऊन आत शिरते आणि शेवटच्या स्तूपापर्यंत पोहोचते. आम्ही नेमके त्या वेळी आत होतो. दोघांनी मिळून दीडशे फोटो काढले.

रात्री आईच्या हाती मोबाईल दिला. तिने तो जवळ धरला, लांब धरला, डोळे बारीक केले. एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्यात मोतीबिंदू. "हे काळं भोक कसलं रं?" तिने विचारले. ते चैत्यगृह होते. मोबाईल उजेड पाहून फोटो घेतो, त्यामुळे दाराबाहेरचे ऊन स्वच्छ आले आणि आतले सारे अंधारात बुडाले. दीडशे फोटोंतला एकही आईच्या कामाचा नव्हता.

धाकटीने शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलेली. ती म्हणाली, "आजीला आपण शाईने काढून दाखवू. मोठं, ठळक." अशी सुरुवात झाली.

ज्यांना हे घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फोटो आठ बाय दहा इंचाच्या आकारात छापून घ्यावा. त्यावर एक सेंटिमीटरच्या चौकटी आखाव्यात, कागदावर हलक्या पेन्सिलीने दोन सेंटिमीटरच्या. एकेक चौकट पाहून रेघ उतरवली की चित्र दुप्पट होते आणि प्रमाण चुकत नाही. कागद जाड हवा, तीनशे ग्रॅमचा असल्यास उत्तम. साध्या ड्रॉइंग पेपरला पाणी लागताच फुगे येतात. शाई पाण्याने न उतरणारी, म्हणजे वॉटरप्रूफ घ्यावी. आमचा पहिला कागद नेहमीच्या फाउंटन पेनच्या शाईमुळे वाया गेला. ब्रश फिरवताच खांब वाहून गेले!

दुसऱ्या कागदावर मात्र आम्ही शहाणपणा केला आणि तोच अंगाशी आला. फोटोत दोन्ही बाजूंचे खांब आतल्या बाजूला झुकलेले दिसत होते. मोबाईल वर करून फोटो घेतला की उभ्या रेघा माथ्याशी एकमेकींकडे कलतात, इमारती मागे पडल्यासारख्या दिसतात, हे आम्हाला ठाऊक होते. हा कॅमेऱ्याचाच दोष, असे ठरवून आम्ही पट्टी लावली आणि सगळे खांब काटकोनात उभे केले. पेन्सिलीचे काम संपले तेव्हा चित्र मोठे नीटनेटके दिसत होते.

आईने ते उजेडात धरून पाहिले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "असं घर पहिल्या पावसात बसंल."

का म्हणून विचारले तर तिने तिच्या माहेरच्या छपराच्या घराची गोष्ट काढली. तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, मेढी रोवताना त्या मुद्दाम थोड्या आत कलत्या ठेवीत. छपराचे ओझे मेढींना बाहेर रेटते. आधीच आत झुकलेली मेढ तो रेटा सोसते. लहानपणी मेढ धरून उभे राहायचे काम तिचे असे, वडील लांबून पाहून "अजून आत, अजून आत" म्हणत. "तुमच्या फोटूत कसे आहेत खांब?" तिने विचारले. आम्ही गप्प झालो.

खात्री करायला सगळे फोटो पुन्हा काढले. आम्ही माणसे नसलेले फोटो निवडून ठेवले होते. मधे कुणी आले की ते आम्ही वगळत होतो. वगळलेल्या एका फोटोत निळ्या स्वेटरमधले एक अनोळखी गृहस्थ खांबाशेजारी उभे होते. गृहस्थ ताठ आणि खांब कललेला! कॅमेरा निर्दोष होता. भाजेचे खांब खरोखरच आत झुकलेले आहेत. लाकडी घरे बांधणाऱ्यांची रीत कारागिरांनी डोंगरात कोरली. दगडाला तशी गरज नव्हती, अख्खा डोंगरच डोक्यावर एकसंध उभा आहे. तरीही त्यांनी खांब झुकवले. लेण्यांवर दोन पुस्तके आमच्या कपाटात आहेत आणि त्यांपैकी एकात हे लिहिलेलेही आहे. आम्ही ते वाचले होते, तरी पट्टी लावली.

येथे कॅप्टन रॉबर्ट गिल यांची आठवण येते. 1844 साली त्यांना अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी पाठविण्यात आले. त्यांनी तेथे वर्षानुवर्षे काढली. पुढे कॅमेरा हाती घेऊन लेण्यांचे फोटोही घेतले. 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, तीत त्यांच्या बहुतेक प्रतिकृती जळाल्या. फोटो घेता येत असतानाही ते पुन्हा ब्रश घेऊन बसले.

तिसऱ्या कागदावर खांब फोटोबरहुकूम आत झुकवले. निळ्या स्वेटरच्या गृहस्थांनाही जागेवर ठेवले, त्यांच्यामुळे खांबांची उंची कळते. रंगात काळा वापरला नाही. गडद निळा आणि भाजका तपकिरी एकत्र केले की लेण्यातला अंधार येतो, आणि त्यात लाकडी कमानीही दिसत राहतात. स्तूपावरची उन्हाची पट्टी म्हणजे कोरा कागद. धाकटीने शेजारच्या लेण्याजवळच्या 14 लहान स्तूपांचे वेगळे चित्र काढले. थेर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी नावे त्या स्तूपांवर कोरलेली आहेत. आईने ती तिच्याकडून तीन-चार वेळा म्हणवून घेतली.

चैत्यगृहाच्या चित्रात धाकटीने गुपचूप एक भर घातली. स्तूपासमोर पांढऱ्या लुगड्यातली, हात जोडलेली एक लहानशी बाई. आम्हाला ते आवडले. आईला नाही आवडले.

"ही मी का?"

"हो, आजी."

"मी तिथं आले नव्हते. पुसून टाक. मी पायरीवर होते, मला पायरीवर काढ."

शाई वॉटरप्रूफ होती, पुसली जाईना. शेवटी धाकटीने ब्लेडने अलगद खरवडले. तेथे कागद थोडा उसवला आहे, जवळून पाहिले तर दिसतो.

पायरीचे चित्र काढायला आम्ही पुन्हा दीडशे फोटो चाळले. खालच्या पायऱ्यांचा एकही नव्हता. आई तेथे दोन तास बसली होती, आणि चढताना वा उतरताना आमच्यापैकी कुणीही तिच्याकडे मोबाईल वळवला नव्हता. सौ. म्हणतात, बाजूला एक वाकडे झाड होते. आई म्हणते झाड नव्हते, दगड होता. येत्या रविवारी सकाळच्या लोकलने पुन्हा मळवलीला जायचे ठरले आहे. या वेळी वर कुणी जाणार नाही.